फिजिओच्या विद्यार्थिनीची मान दुखू नये, असा नियम कुणी केला?

पत्र:

मॅडम, मी बीपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. मूळची लातूरकडची, शिकायला पुण्यात, होस्टेलवर राहते. गेलं वर्षभर मान आणि उजव्या खांद्याचा वरचा भाग दुखतोय, संध्याकाळी जास्त. परीक्षा आली की कंबर धरते. या टर्मपासून उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ येते, बाटलीचं झाकण फिरवतानासुद्धा. पोश्चर असेसमेंटच्या, म्हणजे शरीराची ठेवण तपासायच्या, प्रॅक्टिकलला मलाच पुढे उभं केलं. मी बारीक आहे, मणके चटकन हाताला लागतात, म्हणून मॉडेल नेहमी मीच. सगळ्यांनी मिळून यादी काढली: फॉरवर्ड हेड (डोकं पुढे आलेलं), राउंडेड शोल्डर्स (खांदे पुढे वळलेले), उजवा खांदा खाली, पेल्व्हिस (कंबरेखालचा हाडांचा सांगाडा) पुढे झुकलेला, तळपाय सपाट. एक जण म्हणाला, "तू तर व्हायव्हाचं चालतंबोलतं उत्तर आहेस." सगळे हसले, मीही हसले. तेव्हापासून आरशात मला तेवढंच दिसतं. ऑनलाइन पोश्चरचा पट्टा मागवला, तो काखेत काचतो. मैत्रिणी रिकाम्या वेळात उपचाराचं अल्ट्रासाउंड मशीन लावून देतात, एका सीनियरने दोनदा झटका देऊन मान मोडून दिली. त्या दिवशी बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सरांना सांगायची लाज वाटते. उद्या पेशंटला कुठल्या तोंडाने सांगू, की नीट बसा म्हणून? आई म्हणते तेल लावून घे, आणि झेपत नसेल तर परत ये. खरं सांगा, माझं पोश्चर एवढं वाईट आहे का? आणि असं शरीर घेऊन मी या कामात टिकेन का?
(नाव छापू नका)

उत्तर:

तुझं पोश्चर वाईट नाही. तुझ्या वर्गातल्या कुणालाही कमीत कमी कपड्यांत ओळंब्याच्या दोरीशेजारी उभं कर आणि पंधरा जणांना सांग, काहीतरी शोधा. पंधरा जण काहीतरी शोधणारच, कारण त्या दिवशी मार्क शोधण्याचेच असतात. कानाच्या पाळीपासून घोट्याच्या किंचित पुढे उतरणारी ती सरळ रेषा ही मोजमापासाठी घेतलेली खूण आहे, निरोगी माणसाची व्याख्या नाही. उजव्या हाताने कामं करणाऱ्या बहुतेकांचा उजवा खांदा थोडा खाली असतो, हे तुमच्याच पुस्तकात लिहिलेलं असतं. वर्गात ते कुणी मोठ्याने वाचलं नाही, एवढंच. सपाट तळपाय जन्मभर वागवून लोक मॅरेथॉन पळतात. आणि पेल्व्हिसचं म्हणशील, तर थोडा पुढचा झुकाव हा बहुतेक निरोगी माणसांत सापडतो, तो काही रोग नव्हे.

आता फॉरवर्ड हेड. मोठ्या माणसांत मानदुखी आणि डोकं पुढे असणं यांची सांगड अभ्यासांमध्ये दिसते, हे मी नाकारत नाही. पण डोकं पुढे गेल्याने मान दुखली, की मान दुखत होती म्हणून डोकं पुढे धरलं गेलं, हे त्या सांगडीवरून ठरत नाही. आणि फरक असतो तो काही अंशांचा. तुझ्या मित्रांनी तो नुसत्या डोळ्यांनी ठरवला, तू मॉडेल म्हणून अवघडून उभी असताना.

मोबाइलवर फिरणारं ते चित्र तूही पाहिलं असशील: मान ६० अंश वाकवली की मानेवर २७ किलो भार. ते २०१४ साली न्यूयॉर्कमधल्या एका मणक्याच्या सर्जनने केलेल्या संगणकी गणितातून आलं. गणित म्हणून ते ठीक आहे. पण जिवंत माणसाची मान त्या भारापायी दुखते की नाही, हे त्यात तपासलेलंच नव्हतं. तसंच बसण्याचं. उभं राहण्यापेक्षा बसल्यावर डिस्कवर, म्हणजे मणक्यांमधल्या गादीवर, दाब जास्त, हे आपण सगळे नॅकेमसन या संशोधकाच्या जुन्या आकड्यांवरून पाठ करतो. १९९९ साली जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या डिस्कमध्ये प्रत्यक्ष दाबमापक ठेवून मोजलं, तर सैल बसल्यावर ०.४६ मेगापास्कल आणि उभं असताना ०.५०. माणूस एकच होता, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत. पण 'पोक काढून बसलीस की डिस्क गेली' हे ज्या ठामपणे सांगितलं जातं, त्या ठामपणाला तेवढा आधार नाही, इतकं त्यावरून नक्की म्हणता येतं. २०१९ मध्ये तर ऑस्ट्रेलिया, आयर्लंडमधल्या फिजिओंनीच मिळून लिहिलं, की सगळ्यांसाठी योग्य असं एक पोश्चर असतं याला भक्कम पुरावा नाही आणि माणसांना त्यापायी घाबरवणं थांबवा. हा लेख त्या क्षेत्रातल्या मानाच्या नियतकालिकात आला. कॉलेजच्या लायब्ररीतून काढून वाच, आणि ज्याने तुला चालतंबोलतं उत्तर म्हटलं त्यालाही वाचायला दे.

मग दुखतं का? ते मात्र खरं आहे, आणि तुझ्या पत्रात त्याची बरीचशी कारणं तूच लिहून ठेवली आहेस. फक्त चुकीच्या ओळीखाली रेघ मारलीस.

'मॉडेल नेहमी मीच.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. हाडं हाताला लागतात अशी बारीक मुलगी प्रत्येक बॅचमध्ये एक असते आणि वर्षभर सगळ्यांचा सराव तिच्यावर होतो. एका दुपारी आठ-दहा जण तिच्या मानेच्या त्याच सी-फाइव्ह, सी-सिक्स मणक्यांवर अंगठे ठेवतात. त्यांतले निम्मे गरजेपेक्षा दुप्पट जोर लावतात, कारण मोबिलायझेशनमधला, म्हणजे सांधा हाताने हलवण्यातला, ग्रेड वनचा हलका जोर आणि ग्रेड थ्रीचा मोठा जोर यांतला फरक अजून हातात उतरलेला नसतो. शिकताना तसं होणारच, त्यांची चूक म्हणत नाही मी. पण पेशंटला एका बैठकीत इतकं मोबिलायझेशन कुणी दिलं असतं, तर तुमच्याच सरांनी फाइल बंद करून हातात दिली असती. तुझी मान प्रॅक्टिकलच्या दिवशी संध्याकाळी जास्त दुखते का, हे कॅलेंडरवर दोन-तीन आठवडे मांडून बघ. माझा अंदाज आहे, वार जुळतील.

आणि मॉडेल होणं हे सामानासारखं एकाच्याच नावावर कायमचं नसतं. पाळी लावा. मॉडेलने 'आज नको' म्हटलं की विषय संपला, कारण विचारायचं नाही. कपडे काढून सगळ्यांपुढे उभं राहायचं आणि अंगावरच्या उणिवा मोजल्या जाताना हसायचं, हा अभ्यासक्रमाचा भाग नाही. जे काम पेशंटबरोबर संमतीशिवाय करायचं नाही असं तुम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात, ते मैत्रिणीबरोबर चालतं असं कुठेही लिहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. न्यालंड आणि ग्रिमर यांनी २००३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठातल्या फिजिओच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या कंबरेबद्दल विचारलं. ६९ टक्क्यांनी आयुष्यात कधी ना कधी कंबर दुखल्याचं सांगितलं, ६३ टक्क्यांनी गेल्या वर्षभरात. विशेष म्हणजे पहिलं वर्ष ओलांडल्यावर धोका वाढत होता. आणि महिन्याला २० तासांपेक्षा जास्त वेळ खाली मान घालून बसणाऱ्यांत, तसंच पेशंटवर उपचार करण्यात तेवढे तास घालवणाऱ्यांत, कंबरदुखी जास्त होती. महिन्याला वीस तास! तुमचं सबमिशन आलं की हा आकडा तुम्ही चार दिवसांत गाठता. जर्नलमधल्या आकृत्या, लॉगबुक, केस प्रेझेंटेशन, आणि हे सगळं होस्टेलच्या खाटेवर मांडी घालून, उशीवर वही ठेवून. खोलीत टेबल एक आणि मुली तीन, हे मला ठाऊक आहे.

इथे मी तुला 'ताठ बस' म्हणणार नाही. दोन तास ताठ बसलीस तर दोन तास ताठ बसल्याने दुखेल. शरीराला कंटाळा एकाच जागी राहण्याचा येतो, मग ती जागा पुस्तकातली का असेना. म्हणून जागा बदल. अर्धा तास खाटेवर, मग उभं राहून कपाटावर वही ठेवून, मग मेसच्या रिकाम्या बाकावर. पालथं पडून वाचायलाही हरकत नाही, वीस मिनिटं. लॅपटॉप मांडीवरून उठव आणि ज्या जाडजूड पुस्तकांचे पैसे आईवडिलांनी भरलेत, त्यांची चळत त्याच्याखाली दे, टाइप करायला साधा बाहेरचा कीबोर्ड लाव. पाठांतर फेऱ्या मारत कर. ओरिजिन-इन्सर्शन, म्हणजे स्नायू कुठून निघतो आणि कुठे जोडतो, हे चालताना म्हटलं तरी तेवढंच लक्षात राहतं. रूममेट काय म्हणतील याची काळजी नको, त्यांनाही दुखतंच आहे.

आता अंगठा. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात गंभीरपणे घ्यावीशी वाटलेली तक्रार हीच, आणि तू तिला एक ओळ दिलीस.

अंगठ्याच्या टोकाशी चिमटीत १ किलोचा जोर आला, की बुडाच्या सांध्यावर साधारण १२ किलोचा दाब येतो. हे गणित १९७७ पासून सगळ्यांना माहीत आहे. आता मणक्यावर पीए ग्लाइड, म्हणजे मागून पुढे दाब, देताना तुझ्या अंगठ्यावर काय येत असेल याचा हिशेब तूच कर. त्यात तुझे सांधे सैल असतील तर आणखी. सांध्यांचा सैलपणा मोजणारा बायटन स्कोअर शिकलात ना? नऊपैकी किती येतात, स्वतःचे मोजून बघ. अंगठा मनगटावरच्या हाताला (फोअरआर्मला) टेकत असेल, करंगळी ९० अंशांच्या मागे जात असेल, तर जोर देताना तुझा अंगठा मधल्या सांध्यातून मागे मोडतो आणि सगळा भार बुडावर जातो. असा अंगठा वाकवून जोर देणं ही तुझी खोड नव्हे, तुझ्या सांध्यांची ठेवण आहे, आणि तिच्यासाठी पद्धत बदलायची असते.

म्हणजे कशी? कंबरेच्या आणि पाठीच्या मणक्यांवर अंगठे वापरायचंच बंद कर. तळहाताची करंगळीकडची कड, तिथल्या पिसिफॉर्म या छोट्या हाडाचा उंचवटा, त्यावर दुसरा हात, कोपर सरळ, खांदा हाताच्या बरोबर वर, आणि जोर हाताने ढकलून नव्हे तर शरीर पुढे झुकवून. मानेला अंगठा लागलाच तर दोन्ही अंगठे एकमेकांना टेकवून, सांधे एका रेषेत, किंचित वाकलेले. मानेला जोर मुळात फारच थोडा लागतो. परीक्षक अंगठ्यानेच करून दाखव म्हणाले तर दाखव, तेवढ्याने काही होत नाही. सरावाला मात्र रोज तेच नको.

प्लिंथची, म्हणजे पेशंटला झोपवायच्या टेबलाची, उंची हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मला चिडून लिहायची सवय आहे, म्हणून थोडक्यात. कमी-जास्त होणारे प्लिंथ बहुतेक कॉलेजांत दोन-तीन असतात आणि ते सीनियरांच्या ओपीडीत असतात. विद्यार्थ्यांच्या वाट्याला ठरावीक उंचीचा लाकडी प्लिंथ. तू पाच फुटांची असशील तर तुला तो उंच पडतो, खांदे कानाशी जातात, आणि मग आपण म्हणतो ट्रॅपेझियस, हा मान-खांद्याचा स्नायू, दुखतो. पायाखाली लाकडी पायरी घे, प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये ती कोपऱ्यात असते. एक गुडघा प्लिंथवर टेकव. पेशंटला आपल्या कडेला सरकव, स्वतः वाकून त्याच्याकडे जाऊ नकोस. उंच मुलांना हाच प्लिंथ कंबरेतून वाकवतो, त्यांनी पाय फाकवून उभं राहावं किंवा स्टुलावर बसावं.

अंगठ्यासाठी एक गोष्ट करायची राहू देऊ नकोस: कळ नक्की कुठे आहे ते कुणाकडून तरी बघून घे. मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडावर असेल आणि फिंकलस्टाइन टेस्टने, म्हणजे अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवल्याने, वाढत असेल तर तो टेंडनचा प्रश्न. बुडाच्या सांध्यातच असेल तर वेगळा. दोन्हींचे उपाय सारखे नाहीत. तोवर महिनाभर त्या अंगठ्यावर जोराचं काम नको, मोबाइलवर एका हाताने टाइप करणंही नको. व्यायाम सोपा आहे: तर्जनीभोवती रबरबँड अडकवून ती अंगठ्याच्या दिशेने ओढायची, म्हणजे पहिला डॉर्सल इंटरॉसियस हा छोटा स्नायू काम करतो आणि बुडाच्या सांध्याला आधार मिळतो. दुखत नसेल एवढ्याच जोराने.

वॉर्डमधलं तू काही लिहिलं नाहीस, पण चौथ्या वर्षी आणि इंटर्नशिपला येणारच. आपल्या सरकारी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत खाटा खालीवर होत नाहीत, पेशंट उचलायचं यंत्र, हॉइस्ट, म्हणजे पुस्तकातलं चित्र. अर्धांगवायूचा ७० किलोचा पेशंट खाटेवरून व्हीलचेअरवर घ्यायचा आणि पन्नास किलोची मुलगी 'मी करते सर' म्हणून पुढे होते. अमेरिकेच्या निऑश या संस्थेच्या सूत्रावरून काढलेली मर्यादा अशी, की पेशंटचं वजन उचलायची वेळ आलीच तर एका माणसावर ३५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १६ किलोंपेक्षा, जास्त भार येऊ नये. तेही पेशंट सहकार्य करणारा असताना. त्यामुळे वॉर्डमधल्या मामांना हाक मार, मावशींना हाक मार, नातेवाइकाला शिकव. एक चादर घडी करून कंबरेखाली घातली तरी पकड मिळते. मदत मागणारी इंटर्न कच्ची ठरते असं तुला कुणी सांगेल. त्यांच्या कंबरेचं काय झालंय ते विचार.

यातून मी त्या लाजेच्या मुद्द्यावर येते, कारण माझ्या मते तुझं दुखणं वर्षभर रेंगाळलं ते या लाजेमुळे.

क्रोमी, रॉबर्टसन आणि बेस्ट या तिघांनी २००० साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या फिजिओंची पाहणी छापली. ९१ टक्क्यांना कामामुळे कधी ना कधी असं दुखणं झालं होतं. आणि ऐक, शरीराच्या बहुतेक भागांत जास्त त्रास तरुणांना होता. मोबिलायझेशन-मॅनिप्युलेशन करणाऱ्यांत अंगठ्याचा त्रास अधिक होता. कामाच्या बोज्याचा संबंध मान आणि हातांशी लागत होता. दोन वर्षांनी याच लेखिकांनी फिजिओंशी सविस्तर बोलून आणखी एक लेख लिहिला. त्यातून दिसलं ते असं: फिजिओंना मनातून वाटत असतं की आपल्याकडे ज्ञान आहे, कौशल्य आहे, तर आपल्याला दुखायला नको. आणि दुखलं की ते झाकतात, काम तसंच रेटतात, कारण कष्टाळू आणि सक्षम दिसायचं असतं. वीस वर्षांहून जुनी, समुद्रापलीकडची गोष्ट, आणि तुझ्या पत्रात शब्दाशब्दाला तेच.

ट्रॅपेझियसला कुठली नस जाते हे पाठ असल्याने ट्रॅपेझियस थकायचा थांबत नाही. दंतवैद्यांचे दात किडतात, त्यांना कुणी व्यवसाय सोडायला सांगत नाही.

तर आता करायचं काय. सोमवारी तुमच्या ओपीडीत जा आणि स्वतःच्या नावाचा केस पेपर काढ. मैत्रीण म्हणून जाता जाता दाखवायचं नाही, पेशंट म्हणून जायचं. मस्क्युलोस्केलेटल शिकवणारे जे सर किंवा मॅडम तुला जरा बरे वाटतात त्यांना सांग, 'वर्षभर मान दुखते आहे, अंगठा दुखतो आहे, तपासून घ्यायचंय.' एवढंच वाक्य. ते आश्चर्याने बघणार नाहीत, दर वर्षी दोन-चार जण येतातच. जाण्याआधी मानदुखीने रोजच्या कामांत किती अडतं हे मोजणारा नेक डिसॅबिलिटी इंडेक्स भरून ने, दहा प्रश्न, पन्नासपैकी गुण, तुला येतो तो. म्हणजे सहा आठवड्यांनी फरक पडला की नाही हे आरसा बघून ठरवावं लागणार नाही.

काही गोष्टी असतील तर सोमवारचीही वाट बघू नकोस, डॉक्टरांना गाठ: हातात ताकद कमी होणं, वस्तू हातून पडणं, बोटांना सतत मुंग्या किंवा बधिरपणा, चालताना तोल जाणं, रात्री झोपेतून उठवणारी आणि कूस बदलूनही न थांबणारी वेदना, ताप, विनाकारण वजन उतरणं. कंबरेबाबत लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा बसायच्या जागेवरची संवेदना जाणं, हे तर थेट इमर्जन्सी. तुझ्या पत्रात यातलं काही नाही, तरी विचारून घ्यायला हवं. शिवाय थकवा फार असेल तर हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, डी जीवनसत्त्व यांच्या चाचण्यांबद्दल डॉक्टरांशी बोल. होस्टेलच्या मेसवर दोन-तीन वर्षं काढलेल्या मुलींमध्ये काहीतरी कमी सापडणं नवलाचं नाही. मात्र गोळ्या घेतल्या म्हणून मान सुधारेल असं समजू नकोस.

पट्ट्याचं: काढून ठेव. काखेत काचणारा पट्टा फक्त काखेत काचायचं काम करतो. कंबरेसाठी तर ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात पट्टे-कॉर्सेट देऊ नका असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि त्याच यादीत अल्ट्रासाउंड आणि आयएफटी हा विजेच्या प्रवाहाचा उपचारही आहेत. मैत्रिणींनी प्रेमाने लावलेल्या अल्ट्रासाउंडने तुला बरं वाटतं ते बहुधा त्या दहा मिनिटांत कुणीतरी तुझ्याकडे लक्ष देतं म्हणून. त्यासाठी मशीन अडवून ठेवायची गरज नाही, चहा प्या.

मान मोडून घेणं मात्र आजपासून बंद. सीनियर कितीही आत्मविश्वासाने करत असो. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना अशा झटक्याने इजा झाल्याच्या घटना दुर्मीळ आहेत, पण त्यांचं नुकसान कायमचं राहू शकतं. तपासणी नाही, संमती नाही, देखरेख नाही! यात मी मवाळ होणार नाही.

व्यायामाचं तुला मी काय सांगू, तुला माझ्यापेक्षा जास्त नावं पाठ असतील. पण तू पत्रात एकही व्यायाम करत असल्याचं लिहिलेलं नाहीस. फिजिओचे विद्यार्थी दिवसभर दुसऱ्यांना व्यायाम देतात आणि रात्री खाटेवर पडतात. डेन्मार्कमधल्या एका चाचणीत, २०११ साली छापलेल्या, मान-खांदा वारंवार दुखणाऱ्या १९८ जणांपैकी काहींना रबरी पट्टा धरून हात बाजूने वर उचलण्याचा व्यायाम रोज फक्त २ मिनिटं दिला, काहींना १२ मिनिटं. दहा आठवड्यांत दोन्ही गटांत दुखणं उतरलं. दोन मिनिटं. थेराबँडचा, म्हणजे त्याच रबरी पट्ट्याचा, तुकडा तुझ्या ॲप्रनच्या खिशात आत्ताही असेल. त्याने सुरू कर, सोपं वाटलं की जड रंग घे.

त्याच्या पुढे, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, वजन उचलायला शीक. चिन टक (हनुवटी मागे घेणं) आणि स्कॅप्युलर सेटिंग (पाठीची पाती मागे धरणं) हे आजाऱ्यांचे व्यायाम आहेत, तुला दोन वर्षांनी ७० किलोच्या माणसाला उभं करायचं आहे. रोइंग, स्क्वॉट, डेडलिफ्ट, आठवड्यातून दोनदा, हलक्यापासून चढत जाणारं. जिमची फी परवडत नसेल तर पाण्याचे कॅन आणि पुस्तकांनी भरलेली सॅक चालते. अंगठा बरा होईपर्यंत पकडीला जपून. आणि चाल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. कॉलेज ते होस्टेल रिक्षा न करता चाललीस तर बरंचसं भरून निघेल.

झोपेबद्दल एकच: परीक्षेआधी दोन-दोन रात्री जागून मग मान का दुखते असं विचारू नकोस. न झोपलेल्या शरीराला तेवढाच भार जास्त दुखतो.

आईचं तेल लावून घे, निःसंकोच. ऊब आहे, हात आईचा आहे, अर्धा तास तू पडून राहतेस. तिने ट्रॅपेझियसला ट्रॅपेझियस म्हटलं नाही म्हणून काही बिघडत नाही. पण 'परत ये' याला उत्तर हवं असेल तर ते असं दे.

त्या व्हिक्टोरियाच्या पाहणीत सहापैकी एकाने दुखण्यामुळे काम बदललं किंवा व्यवसाय सोडला. हा आकडा लहान नाही, तो मी लपवणार नाही. पण त्यात व्यवसायातल्या व्यवसायात जागा बदललेलेही आले, आणि उरलेले पाच तिथेच राहिले. या पेशात दिवसभर अंगठे दाबणं हे एकच काम नाही. छातीच्या विकारांचं फिजिओ आहे, आयसीयू आहे, बाळंतपणाआधी-नंतरचं काम आहे, वृद्धांचे तोल सांभाळण्याचे गट आहेत, कारखान्यांत आणि आयटी कंपन्यांत कामाच्या जागा तपासण्याचं काम आहे, कम्युनिटी पोस्टिंगमध्ये गावोगाव फिरणं आहे. उद्या मॅन्युअल थेरपीच आवडली तर तीही कर, फक्त अंगठ्याने नको आणि दिवसाला वीस पेशंट नकोत. पहिली नोकरी घेताना पगाराबरोबर विचारायचं: दिवसाला पेशंट किती, प्लिंथ वर-खाली होतो का, मदतीला माणूस आहे का. बरेच जण हे विचारत नाहीत आणि पहिल्या वर्षातच कंबर धरून बसतात. परंतु यातली निवड आत्ता, तिसऱ्या वर्षात, दुखणाऱ्या मानेने करू नकोस.

'नीट बसा' हे पेशंटला कुठल्या तोंडाने सांगू, असं विचारलंस. सांगूच नकोस. त्यांना विचार, दिवसात कुठे, किती वेळ, काय करता, आणि त्यातलं काय बदलता येईल. शेतात निंदणीला वाकणाऱ्या बाईला नीट बसा सांगून काय उपयोग? तिला दर तासाला पाळी बदलून उभ्याने करायचं काम शोधून द्यावं लागतं. त्या प्रश्नांची उत्तरं ऐकताना तुला स्वतःच्या दुखण्याची थोडी माहिती असली तर ती अडचण होणार नाही.

वर्गात पुढच्या प्रॅक्टिकलला कुणी 'चल, तूच उभी राहा' म्हणालं तर सांग, आज माझी पाळी नाही. ज्याने तो विनोद केला त्याला उभं करा. त्याचीही यादी पाच ओळींपेक्षा कमी निघायची नाही.